बटण, चिठ्ठी आणि फेरफार

कमांड पॅटर्न शिकवायचा म्हटलं की हमखास हॉटेलातल्या वेटरचं उदाहरण निघतं. गिऱ्हाईक ऑर्डर देतं, वेटर चिठ्ठीवर लिहितो, चिठ्ठी आत जाते, आचारी ती वाचून डोसा टाकतो. वेटरला डोसा करता येत नाही, आचाऱ्याला गिऱ्हाईक माहीत नाही, दोघांच्या मध्ये फक्त एक चिठ्ठी. 'हेड फर्स्ट डिझाइन पॅटर्न्स' या २००४ च्या पुस्तकात हे हॉटेल आलं आणि तेव्हापासून व्हायव्हाला, इंटरव्ह्यूला, ट्रेनिंगला सगळीकडे तेच चालू आहे. उदाहरण चुकीचं नाही, पण माझ्या मते अर्धवट आहे. डोसा टेबलावर आला, बिल झालं की ती चिठ्ठी कचऱ्यात जाते. आणि कमांड पॅटर्नची खरी गंमत चिठ्ठी जपून ठेवण्यात आहे.

मग वेटरच्या जागी काय घ्यायचं? उत्तर ऐकून हसाल, पण मी तलाठ्याच्या दप्तरातलं फेरफाराचं रजिस्टर घेईन. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: बटणाने डेटा बदलू नये. बटणाने बदलाचा एक कागद तयार करावा, त्या कागदाने बदल करावा, आणि काम झाल्यावरही तो कागद दप्तरी राहावा. हे आपल्या महसूल खात्याला कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. पण तिकडे जाण्याआधी जरा पॅटर्नचं बघू, म्हणजे ज्यांनी परीक्षेपुरता वाचला होता त्यांनाही सोबत येता येईल.

समजा आडत दुकानाचं एक साधं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे. त्यात 'पावती रद्द करा' असं एक काम आहे. माझ्या एका जुन्या नोकरीत असंच एक ॲप्लिकेशन आमच्या टीमच्या गळ्यात पडलं होतं. हे काम तिथे तीन ठिकाणांहून होत असे: टूलबारवरचं बटण, मेनूतला पर्याय आणि कीबोर्डवरची डिलीट की. तिन्ही ठिकाणी तोच पंधरा-वीस ओळींचा कोड चिकटवलेला. पुढे नियम आला की पैसे चुकते झालेली पावती रद्द होता कामा नये. नियम बटणात गेला, मेनूत गेला, डिलीट की तशीच राहिली. महिनाअखेरीला हिशेब जुळेना तेव्हा शोधाशोध सुरू झाली. कोड लिहिणारा माणूस तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला. असो. असा कोड तुम्हीही पाहिला असेल, त्यामुळे जास्त सांगत बसत नाही.

कमांड पॅटर्न इथे एक साधी गोष्ट सुचवतो. क्रियापदाचं नाम करा. शाळेच्या व्याकरणात धातुसाधित नाम शिकलो होतो ना, 'रद्द करतो' याचं 'रद्द करणे', तसंच. 'पावती रद्द करणे' ही एक वस्तू झाली, एक क्लास झाला. त्या ऑब्जेक्टमध्ये कोणती पावती, कोणी रद्द केली, कारण काय, आधी तिची स्थिती काय होती हे सगळं राहतं. त्याला एक एक्झिक्यूट मेथड असते आणि बहुतेक वेळा एक अनडू मेथड. बटण, मेनू आणि डिलीट की हे तिघेही आता याच एका ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात. पुस्तकी भाषेत बटण म्हणजे इन्व्होकर, पावती म्हणजे रिसीव्हर. बटणाला पावतीबद्दल काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

ही काही कालची कल्पना नाही. ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरवर १९८३ मध्ये अनडू होतं. ॲपलच्याच मॅकॲप या फ्रेमवर्कमध्ये कमांडचा एक मूळ क्लास होता आणि त्यात करा, उलटवा, पुन्हा करा अशा तीन मेथड्स होत्या. पुढे १९९४ साली गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांचं 'डिझाइन पॅटर्न्स' आलं. त्यात लेक्सी नावाच्या एका डॉक्युमेंट एडिटरचं डिझाइन उलगडून दाखवलं आहे आणि त्याच्या मेनूसाठी व अनडूसाठी कमांडच वापरला आहे. जावाच्या स्विंगमध्ये याचंच रूप म्हणजे ॲक्शन. एका ॲक्शनला सेट एनेबल्ड फॉल्स केलं की तिच्याशी जोडलेलं बटण आणि मेनूतला पर्याय दोन्ही एकदम फिके पडतात. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफमध्ये आयकमांड आहे. त्यात एक्झिक्यूटच्या जोडीला कॅन एक्झिक्यूट आहे, म्हणजे 'हे काम आत्ता करता येईल का?' हा प्रश्नसुद्धा कमांडलाच विचारायचा. वरची डिलीट कीची भानगड इथेच मिटते. नियम एकाच जागी बसतो.

इथवर कुणाचं दुमत नसतं. वाद सुरू होतो तो अनडूपाशी.

अनडूची साधी रचना अशी. प्रत्येक कमांड झाली की ती एका स्टॅकवर ठेवायची. कंट्रोल झेड दाबलं की वरची कमांड काढायची, तिला अनडू सांगायचं आणि रीडूच्या स्टॅकवर टाकायची. मध्येच वापरणाऱ्याने नवीन काही केलं की रीडूचा स्टॅक रिकामा. क्यूटीमध्ये याच्यासाठी तयार क्लासेस आहेत, स्विंगमध्ये अनडू मॅनेजर आहे, आणि तो काही सांगितलं नाही तर १०० बदल लक्षात ठेवतो. टाइप केलेलं प्रत्येक अक्षर वेगळं उलटवावं लागू नये म्हणून लागोपाठच्या कमांड एकत्र करायची सोय असते. पाच कामं मिळून एक मोठी कमांडही करता येते.

हे कागदावर सोपं दिसतं, पण करायला बसलं की खाचखळगे लागतात. पहिला: कमांडने 'तिसरी ओळ' असं लक्षात ठेवलं आणि मधल्या काळात वरची एक ओळ पुसली गेली, तर अनडू भलत्याच ओळीवर जाऊन बसतं. म्हणून ओळीचा क्रमांक लक्षात न ठेवता न बदलणारी ओळख लक्षात ठेवायची. दुसरा: दर तीन टक्क्यांनी वाढवला, पैसे पूर्णांकात आणले, आणि अनडू म्हणून उलटा हिशेब केला, तर कधी एक रुपया इकडे, कधी तिकडे. उलटं गणित करण्यापेक्षा जुनी किंमत जपून ठेवणं केव्हाही बरं. तिसरा: एसएमएस गेला, प्रिंटरमधून कागद बाहेर पडला, बँकेतून पैसे गेले, की त्याला अनडू नाही. जीमेलमधलं 'अनडू सेंड' बघा. ते पाठवलेलं पत्र परत आणत नाही, तुम्ही सेंड दाबल्यावर ५, १०, २० किंवा ३० सेकंद थांबून मग पाठवतं. पण हे थांबणं शक्य झालं तेसुद्धा 'पाठवणे' ही वस्तू केल्यामुळेच. थेट पाठवून टाकणाऱ्या कोडला थांबता येत नाही.

आणि चौथा खळगा सगळ्यात मोठा. अनडू कोणाचं? एका माणसाने एका फाईलवर काम केलं तर प्रश्न येत नाही. पण एकाच नोंदीवर दहा माणसं काम करत असतील, आणि ज्याच्याबद्दल ती नोंद आहे तो माणूस स्क्रीनसमोर नसेलच, तर कंट्रोल झेड कुणाच्या हातात द्यायचं?

आता गावाकडे चला. माझं गाव जळकोट. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं. हे तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूरहून हैदराबादकडे जाताना नळदुर्गच्या पुढे लागतं ते. दोन जळकोटांमुळे आमच्या पत्रांचे आणि पार्सलांचे काय हाल होतात ते गावकऱ्यांना विचारा :-) वर म्हटलं ना, न बदलणारी ओळख लागते, ती याचसाठी. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा त्यावर गावाच्या नावाबरोबर गावाचा एलजीडी कोडही आला. नाव दोन गावांना सारखं असू शकतं, कोड नाही.

या गावातली एखादी जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर कशी जाते ते बघा. सातबारा म्हणजे आपल्या भाषेत आजची स्थिती, रिसीव्हर. तलाठी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) सातबारा उघडून त्यातलं नाव थेट बदलत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, एक नोंद होते. तिला स्वतःचा नंबर असतो, तारीख असते, बदल कशामुळे झाला ते लिहिलेलं असतं: खरेदीखत, वारस, वाटणी, कर्जाचा बोजा. मग संबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते आणि हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. हरकत आली तर ती नमुना ६ अ या तक्रारीच्या रजिस्टरमध्ये जाते आणि सुनावणी होते. हे सगळं झाल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात किंवा नामंजूर करतात. प्रमाणित झाली तरच सातबारा बदलतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० मध्ये हा सगळा रस्ता आखलेला आहे.

आता हे पॅटर्नच्या डोळ्यांनी वाचा. फेरफार ही कमांड. मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणन म्हणजे एक्झिक्यूट. १५ दिवस म्हणजे कॅन एक्झिक्यूट, पण इथे 'करता येईल का?' हा प्रश्न बटणाला किंवा डेटाबेसला विचारलेला नाही, ज्याच्या हक्काला धक्का लागणार आहे त्याला विचारला आहे. जीमेलचे तीस सेकंद क्लिक करणाऱ्यासाठी असतात. हे पंधरा दिवस दुसऱ्यांसाठी असतात.

आणि अनडू? इथे खरी मजा आहे. प्रमाणित झालेला फेरफार तलाठ्याला परत फाडून टाकता येत नाही. चुकीचा असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायचं. लेखनातली साधी चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांचा आदेश घ्यायचा. आणि निकाल तुमच्या बाजूने लागला की त्या निकालाचाही एक नवीन फेरफार होतो, नवीन नंबराचा. जुना फेरफार जागेवरच राहतो. सातबाऱ्यावरचं जुनं नावसुद्धा नाहीसं होत नाही. पूर्वी त्याला कंस करायचे, २०२० च्या नमुन्यापासून त्यावर आडवी रेघ येते. रेघेखालचं नाव वाचता येतं. जुने फेरफार क्रमांकही सातबाऱ्यावर स्वतंत्र रकान्यात दिसतात. २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण म्हणून जुन्या खरेदीखतांवरचं उस्मानाबाद कुणी खोडत बसलं नाही. त्या दिवशी ते नाव होतं, तेवढं पुरे.

आपल्या धंद्यात याला भरपाईची कमांड म्हणता येईल. अकाउंटवाल्यांना हे नवीन नाही, तेही चुकीची एंट्री खोडत नाहीत, उलटी एंट्री टाकतात. उलटवणं म्हणजे इतिहास मागे नेणं नव्हे, इतिहासात आणखी एक पाऊल पुढे टाकणं.

हे मी एवढं रंगवून का सांगतोय? कारण यात कुणाचं तरी नुकसान-फायदा अडकलेला आहे. वारस नोंदीचंच घ्या. वडील गेले, मुलांनी अर्ज दिला, आणि अर्जात बहिणींची नावंच नाहीत. असं होतं हे गावाकडच्या कुणालाही विचारा. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, महाराष्ट्राने तर १९९४ सालीच दुरुस्ती केली होती. पण कायद्यात हक्क असणं आणि सातबाऱ्यावर नाव असणं यात अंतर आहे. लग्न होऊन पुण्याला किंवा सोलापूरला गेलेली बहीण पाच वर्षांनी चौकशीला येते तेव्हा तिला नुसता आजचा सातबारा दाखवून काही उपयोग नसतो. त्यावर फक्त भावांची नावं दिसणार. तिला फेरफार लागतो. कोणत्या तारखेला, कुणाच्या अर्जावरून, वारस म्हणून कोणकोणाची नावं देऊन ही नोंद झाली, हे त्यात लिहिलेलं असतं. तिची बाजू मांडायला वकील तोच कागद आधी मागतो.

कल्पना करा की ही व्यवस्था आपल्यापैकी कुणी घाईघाईत केली असती. एक स्क्रीन, नावाचा रकाना, खाली 'सेव्ह' बटण. बटणाच्या क्लिकमध्ये थेट अपडेट क्वेरी. स्क्रीन सुंदर, वेग झकास, डेमोला टाळ्या. आणि त्या बहिणीच्या हातात काहीच नाही.

राज्याने हे काम कॉम्प्युटरवर आणताना फेरफाराची कल्पना टाकून दिली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ई-फेरफार प्रणालीचं नावच सांगतं की ऑनलाइन गेला तो फेरफार. हस्तलिखित सातबारे कॉम्प्युटरवर चढवताना चुका राहिल्या, त्या शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन झालं. म्हणजे सातबारे मोठ्याने वाचायचे आणि लोकांनी चुका सांगायच्या. मला तर तो देशी कोड रिव्ह्यूच वाटतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. नव्या नमुन्यात एखादा फेरफार प्रलंबित असेल तर तेही उताऱ्यावर दिसतं. जमीन विकत घेणाऱ्याला याचा अर्थ साधा आहे: रांगेत एक कमांड उभी आहे, अजून चाललेली नाही, सावध राहा.

आता या मताविरुद्धचं. एक, ही व्यवस्था काही रामराज्य नाही. नोटीस वेळेवर पोचत नाही, हरकती वर्षानुवर्षं पडून राहतात, हेलपाटे घालून लोकांच्या चपला झिजतात. मान्य. शिवाय फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही, ही महसुली नोंद आहे. कलम १५७ प्रमाणे ती खोटी ठरेपर्यंत खरी मानतात, एवढंच, आणि मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच मिटतो. म्हणजे इतिहास ठेवला की न्याय झाला असं नाही. पण इतिहासच नसेल तर भांडायला सुरुवात तरी कुठून करणार?

दोन, 'प्रत्येक बटणामागे एक क्लास म्हणजे मुंगी मारायला तोफ' हे आपल्या जातभाईंचं नेहमीचं म्हणणं. यातही तथ्य आहे. खिडकी मोठी करणं, टॅब बदलणं, फाँट वाढवणं याला कमांडचा थाट नको. २०१४ साली जावा ८ मध्ये लॅम्डा आले तेव्हापासून छोट्या कामाला एक ओळही पुरते. पण त्या ओळीला नाव नसतं, ती आधीची किंमत लक्षात ठेवत नाही, आणि ती डेटाबेसमध्ये ठेवून सहा महिन्यांनी वाचता येत नाही. म्हणून मी रेघ अशी मारतो: जे काम फक्त स्क्रीन बदलतं त्याला लॅम्डा. जे काम दुसऱ्या कुणाची तरी नोंद बदलतं त्याला कमांड, नावागावासकट.

तीन, 'आता हे जुनं झालं, आम्ही वेबवाले'. अहो, २०१५ मध्ये आलेल्या रिडक्समध्ये स्क्रीनवरची घटना थेट स्थिती बदलत नाही, आधी एक ॲक्शन ऑब्जेक्ट तयार होतो, त्याला प्रकार असतो, माहिती असते, आणि त्या ॲक्शन पुढेमागे करून बग शोधता येतो. भांडी नवी, आमटी तीच.

शेवटी कामाचं सांगतो. पुढच्या वेळी एखादी स्क्रीन लिहायला घ्याल तेव्हा प्रत्येक बटणाला चार प्रश्न विचारा. हे काम एका वाक्यात, नाम म्हणून सांगता येतं का? कोणी, केव्हा, कशाच्या आधारे केलं हे सहा महिन्यांनी कळेल का? आधी काय होतं ते जपलंय का? आणि हा बदल ज्याच्यावर होणार तो माणूस स्क्रीनसमोर आहे का? चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल तर पहिल्या तीनवर अजिबात तडजोड करू नका. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणेल, रिक्वायरमेंटमध्ये अनडू लिहिलेलं नाही. लिहिलेलं नसणारच. रिक्वायरमेंट सांगायला येतात ते बटण दाबणारे लोक. ज्यांची नावं त्या बटणाने बदलतात ते मीटिंगला नसतात.